गोष्ट सांगणारे मास्तर : साने गुरुजी

महिला मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र यावे, असा साधारण शिरस्ता आहे. येथे मात्र एका पुरुषाचे चरित्र वाचावयास मिळते, याचे काही भगिनींना नवल वाटेल. परंतु हा पुरुष असा, की त्याच्या नावाबरोबर महाराष्ट्राला आधी त्याची आई आठवते. ती कोकणातल्या एका खेड्यातली गरीब बाई होती. मुलाला जे शिकवायचे ते तिने घरकाम करता करता शिकविले. त्या मुलाने पुढे तेच शिक्षण शाळेत नेले, वसतिगृहात नेले, तुरुंगात नेले आणि शेवटी सगळ्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले. त्याचे साधन एकच होते. ते म्हणजे गोष्ट. आपल्यापैकी प्रत्येकीजवळ ते असते, आणि म्हणूनच साने गुरुजींचे चरित्र आपण बायकांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी घरात सुबत्ता होती; पण गुरुजींच्या वडिलांच्या वेळेस ती ओसरली आणि कर्जाने घर पोखरले. आईचे नाव यशोदा. खोताच्या घरातली सून म्हणून आलेल्या या बाईला पुढे मानहानी आणि उपासमार दोन्ही सोसावी लागली. घरात दागिना उरला नाही, तरी मुलांवर संस्कार करण्याचे तिचे काम कधी थांबले नाही. तिच्याजवळ पुस्तके नव्हती. व्रते होती, कहाण्या होत्या, तुळशीवृंदावन होते, दारातली गाय होती. मुलाच्या हातून काही चुकले, की ती समोरच्याच वस्तूचा दाखला देऊन त्याला समजावीत असे. फूल, पान, पाऊल, पाणी, असा तो दाखला असे. मूल ऐकत असे, कारण बोलणे त्याच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल असे.

गावातले शिक्षण संपल्यावर पुढच्या शिक्षणासाठी या मुलाची फार वणवण झाली. काही दिवस पुण्याला, मग दापोलीच्या मिशन शाळेत, मग औंध संस्थानात, कारण तेथे गरीब मुलांची सोय होते असे ऐकिवात होते. औंधला हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. तेथे प्लेग आला आणि ते शिक्षणही सुटले. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली तो मॅट्रिक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, आई वारली. शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. ज्या आईने सारे दिले, तिला आपण काहीच देऊ शकलो नाही, ही खंत त्यांच्या मनातून जन्मभर गेली नाही. पुढे त्यांनी जे जे लिहिले आणि सांगितले, त्याच्या तळाशी ही खंत आहे.

पदवीचे शिक्षण पुण्यात झाले. नंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले आणि १९२४ साली एम.ए. झाले. इतका शिकलेला मनुष्य त्या काळी मोठ्या पगाराच्या नोकरीवर सहज गेला असता. गुरुजींनी त्याच वर्षी अमळनेरच्याच शाळेत, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात, शिक्षकाची नोकरी धरली. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावाजली. शाळेला जोडून वसतिगृह होते. काही काळाने त्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली आणि ज्यांना सगळे साने सर म्हणत, ते मुलांचे गुरुजी झाले.

वसतिगृह म्हणजे काय, हे ज्यांनी आपली मुले शिक्षणासाठी दूर ठेविली आहेत त्या माउलींना सांगावयास नको. मुलगा रात्री पांघरूण घेतो की नाही, तापाने फणफणला तर कपाळावर हात कोण ठेवतो, अशी काळजी आईला लागलेली असते. अमळनेरला आलेली मुले खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली होती. काही शेतकऱ्यांची, काही अगदी गरिबांची. नवा गाव, नवे नियम, घरची आठवण. अशा मुलांवर देखरेख करणाऱ्याने सामान्यतः काय करावे? नियमांची पाटी लावावी आणि मोडणाऱ्यास शिक्षा करावी. गुरुजींनी हा मार्ग घेतला नाही. मुलांची खोली अस्ताव्यस्त दिसली, तर ते स्वतः झाडू घेऊन ती झाडीत. विस्कटलेल्या वळकट्या नीट गुंडाळून ठेवीत. कोणी आजारी पडला, तर त्याच्या उशाशी बसत. आपले मास्तर आपला पसारा आवरतात, हे पाहून मुलांना लाज वाटू लागली आणि दुसऱ्या दिवशी ती आपणहून आवरू लागली. आई असेच करते.

परंतु सेवेने मूल ओशाळते, तेवढ्याने ते रमत नाही. रमण्यासाठी काहीतरी गंमत लागते. ती गंमत गुरुजींनी एका हस्तलिखिताच्या रूपाने आणली. त्याचे नाव 'छात्रालय'. हे दैनिक होते. म्हणजे रोज नवा अंक. छापखाना नाही, पैसे नाहीत; गुरुजी स्वतः हाताने लिहीत आणि मुले ते वाचीत. त्यात वसतिगृहातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत, देशातल्या चळवळीची माहिती असे, आणि मुलांच्या वागण्यातल्या गुणदोषांवर गोड भाषेत लिहिलेले चार शब्दही असत. ज्या दोषासाठी रागावले असते तर मुलगा अडून बसला असता, तोच दोष गोष्टीच्या पोशाखात समोर आला की मुलगा हसत हसत ओळखी: हा तर मीच! एकदा ओळखले, की सुधारणा अर्धी झालीच. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले आणि वसतिगृहात जे होत होते ते बाहेरच्या मुलांपर्यंतही गेले.

यात शिक्षणशास्त्राचे एक मर्म आहे. शाळा म्हणजे इमारत, फळा आणि तास एवढेच आपण समजतो. पण शाळेत एकत्र येणारी माणसे, म्हणजे मुले, शिक्षक, शिपाई, मुलांचे आईबाप, ही एकमेकांना ओळखत नसतील, तर ती नुसती गर्दी होते. गर्दीला घर करायचे, तर सर्वांना एकदमच हसवील, एकदमच गप्प करील असे काहीतरी हवे. गोष्टीत ते सामर्थ्य असते. हुशार मुलगा आणि मागच्या बाकावरचा मुलगा यांना गणितात एका ओळीत बसविता येत नाही. गोष्टीत दोघे सारख्याच उत्सुकतेने पुढे सरकतात. गोष्टीला प्रवेश फी नाही, परीक्षा नाही, नापास होणे नाही. अमळनेरच्या त्या सहा वर्षांत गुरुजींनी हे सिद्ध करून दाखविले.

१९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मुलांना देशभक्तांच्या गोष्टी सांगायच्या आणि आपण पगार घेत राहायचे, हे गुरुजींना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्यानंतर ते पुन्हा कधी शाळेत शिक्षक म्हणून उभे राहिले नाहीत. शिक्षकपण मात्र सुटले नाही. शाळेची जागा तुरुंगाने घेतली इतकेच. धुळ्याहून त्यांना दूर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे दक्षिणेकडचे अनेक भाषांचे सत्याग्रही बंदी होते. आपण एका देशाचे म्हणवितो आणि एकमेकांची भाषा आपल्याला कळत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले. ते तमिळ शिकू लागले, आणि तिरुवल्लुवर या थोर कवीचा 'कुरळ' त्यांनी मराठीत आणला. भारतातल्या प्रांतांनी एकमेकांची भाषा, गाणी, कथा शिकाव्यात, ही 'आंतरभारती'ची कल्पना तेथेच रुजली.

१९३२ साली पुन्हा धुळ्याचा तुरुंग. विनोबा भावेही तेथे होते आणि दर रविवारी ते गीतेवर प्रवचन करीत. ती प्रवचने भराभर लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले. आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आहे, ते त्या लेखणीमुळे. स्वतः एवढे मोठे लेखक असून दुसऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून लेखनिक होऊन बसले, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

तेथून ते नाशिकच्या तुरुंगात गेले, आणि तेथे फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई' लिहून झाली. आईला जाऊन त्या वेळी पंधरा वर्षे होऊन गेली होती. पुस्तकाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. श्याम नावाचा तरुण एका आश्रमात राहतो. सायंकाळची प्रार्थना झाली, की सोबत्यांच्या आग्रहावरून तो आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा बेचाळीस रात्री. दिवसभराचे काम आटोपून माणसे एकत्र बसली आहेत आणि एकजण सांगतो आहे, अशी ती बैठक. मध्ये कोणी काही विचारतो, कोणाचे डोळे भरून येतात, रात्र होते आणि उरलेले उद्यावर जाते. आपल्या आजीच्या अंथरुणाभोवती जी बैठक जमत असे, तीच ही. गुरुजींनी नवीन काही शोधून काढले नाही. घरात होते ते पुस्तकात नेले.

त्या आठवणीही किती साध्या! लहान श्याम आंघोळ करून उठतो आणि तळपायाला माती लागेल म्हणून हट्ट धरतो. आई आपले ओचे दगडावर पसरते, त्यावर पाय ठेवून तो घरात जातो. मग ती त्याला समजाविते, की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. दुसरी आठवण फुलांची. दुसऱ्यांच्या आधी आपल्याला मिळावीत म्हणून मुले संध्याकाळीच कळ्या तोडून आणतात. कळीला झाडावरच उमलू द्यावे, हे आई त्याला सांगते. तिसरी पोहण्याची. श्याम पाण्याला भितो, दडून बसतो. तेव्हा हीच प्रेमळ आई हातात शिपटी घेते आणि त्याला पोहावयास धाडते. तो पोहून येतो तेव्हा त्याचे वळ पाहून तिच्या डोळ्यांना पाणी येते. आईचे प्रेम म्हणजे लाडच नव्हेत. मुलाचा भित्रेपणा तिला पाहवत नाही, हे यात आहे. या आठवणींत राजे नाहीत, राक्षस नाहीत. तरीही मूल तोंड उघडे टाकून ऐकते, कारण प्रत्येक आठवणीत त्याच्यासारखेच एक हट्टी, भित्रे, चुकणारे मूल आहे. श्याम आदर्श मुलगा नाही. तो चोरी करतो, खोटे बोलतो, रुसतो. स्वतःच्या बालपणाचे दोष गुरुजींनी झाकले नाहीत, म्हणूनच मुलांनी त्यांच्यावर विश्वास ठेविला.

या पुस्तकाने गुरुजींचे नाव घरोघर झाले. पण त्यांचे गोष्टी सांगणे एवढ्यावर थांबले नाही. तुरुंगात वाचलेल्या परदेशी कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांसाठी सोप्या करून सांगितल्या. 'गोड गोष्टी' या मालेतून त्या निघाल्या. जॉर्ज इलियट या नावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची एका एकाकी विणकराची कथा मराठीत 'मनूबाबा' झाली. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच कादंबरीकाराची भाकरीच्या चोरीपायी आयुष्य होरपळलेल्या माणसाची कथा 'दुःखी' या नावाने आली. ज्या मुलाने तालुक्याचे गाव पाहिले नाही, त्याला फ्रान्समधल्या गरिबाचे दुःख आपले वाटू लागले.

आणि एक काम असे, की ज्याची आठवण आपण बायकांनी तरी विसरू नये. जात्यावर दळताना, कांडताना, बाळाला झोपविताना आपल्या आज्या-पणज्या ज्या ओव्या म्हणत, त्या गुरुजींनी ठिकठिकाणच्या बायकांकडून गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. ओवी म्हणणाऱ्या बाईला आपण कवी आहोत हे ठाऊक नव्हते. भावाची वाट पाहणे, सासरचा जाच, लेकराचे कौतुक हे सारे ती जात्याच्या घरघरीत सांगून मोकळी होत असे. एम.ए. झालेला हा विद्वान तिच्यासमोर वही घेऊन बसला आणि तिच्याकडून शिकला. निरक्षर बाईजवळही देण्यासारखे काही असते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हे पुस्तक पाहावे.

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग. 'श्यामची आई'त एक आठवण आहे. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवीत, अशा समाजातली एक म्हातारी वाटेवर उभी आहे. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आहे आणि शिवायचे नाही म्हणून ती कोणी उचलून देत नाही. श्यामची आई ते पाहते. ती मुलाला सांगते, की जा आणि मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे. घरी आल्यावर आंघोळ कर, पण आधी तिला मदत कर. आज वाचताना ती आंघोळ आपल्याला टोचते, आणि टोचावयासच हवी. त्या बाईला रूढी सर्वस्वी मोडता आली नाही. पण रूढीच्या आड येणाऱ्या निर्दयतेला तिने आपल्या दारातून हाकलून दिले. तेथपर्यंतची वाट आईने चालून दाखविली. उरलेली वाट मुलाला चालायची होती.

ती वाट पंढरपूरला गेली. विठ्ठल सगळ्यांची माउली म्हणायचे आणि त्याच्या देवळात हरिजनांना पाऊल टाकू द्यायचे नाही, ही विसंगती गुरुजींना सहन होईना. देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. आधी लोकांची मने तयार करावीत, असा वडीलधाऱ्यांचा सल्ला पडला, तेव्हा ते महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. सेवा दलाच्या तरुणांचे कलापथक गाणी म्हणत असे आणि गुरुजी बोलत असत. दौऱ्यात गावोगावची देवळे आणि पाणवठे खुले होऊ लागले. तरी पंढरीचे दार बंदच राहिले, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. दहा दिवस ते चालले. अखेर देऊळ खुले करण्याचे मान्य झाले आणि मगच त्यांनी उपवास सोडला. त्या वेळी स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते. लहानपणी ऐकलेली आईची शिकवण मुलाने प्राणांच्या बाजीने पुरी केली. गोष्ट सांगणाऱ्याने गोष्टीप्रमाणे वागावे, हा धडा याहून स्पष्ट कोठे मिळणार? मुलांचे कान आपल्या शब्दांकडे असतात आणि डोळे आपल्या वागण्याकडे. दोन्ही जुळले नाहीत, तर गोष्ट फुकट जाते.

गुरुजींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्यांचे लेखन फार रडविणारे आहे. मुलांना हसतेखेळते असावे, इतके हळवे करू नये. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. आजच्या मुलाला एकामागून एक दुःखाचेच प्रसंग वाचून दाखविले, तर ते कंटाळेल. पण आक्षेप घेणारे अमळनेरचे गुरुजी विसरतात. मुलांबरोबर राहणारे, रोज नवे दैनिक काढणारे, पुतणी सुधा हिला पत्रे लिहिताना झाडे-पाखरे, समुद्र, आकाश यांच्या वर्णनात हरवून जाणारे गुरुजीही तेच होते. ती पत्रे 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. मुलांना हसविता येते त्यालाच मुलांसमोर डोळे पुसण्याचा अधिकार असतो.

मात्र स्वतःचे दुःख त्यांनी कोणाजवळ फारसे मोकळे केले नाही. गांधीजींच्या हत्येचा घाव त्यांना फार खोल लागला आणि त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. नव्या स्वतंत्र देशात प्रेम वाढावे अशी त्यांची आस होती, आणि द्वेष वाढताना त्यांना दिसत होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. महाराष्ट्रातली मुले त्या दिवशी पोरकी झाली. ही गोष्ट सांगताना आवंढा येतो, पण ती टाळून पुढे जाणेही बरे नाही. जो सर्वांचे अश्रू पुसतो, त्याचे कोण पुसते, हे सभोवतालच्यांनी पाहावयास हवे असते. आपल्या शेजारी, आपल्या घरी, हसतमुखाने सगळ्यांचे करणारी एखादी बाई असते. तिलाही कधीतरी जवळ बसवून विचारावे, की बाई, तुझे कसे चालले आहे? गुरुजींच्या अंतापासून एवढे जरी आपण शिकलो, तरी ते वाया गेले नाही असे होईल.

त्यांच्या मागे त्यांचे काम राहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' हा चित्रपट काढला आणि उत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिलेच सुवर्णपदक १९५४ साली त्याला मिळाले. 'साधना' साप्ताहिक आजही चालू आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रकाशभाई मोहाडीकर यांनी १९५१ साली साने गुरुजी कथामाला सुरू केली. शाळाशाळांतून मुलांना एकत्र बसवून गोष्टी सांगाव्यात, शिक्षकांना आणि तरुणांना गोष्ट सांगण्याची कला शिकवावी, असा तिचा हेतू. गुरुजींसाठी दगडाचा पुतळा उभारण्यापेक्षा हे स्मारक अधिक जिवंत आहे. त्याला खर्च नाही, जागा लागत नाही. झाडाची सावली आणि दहा मुले पुरतात.

भगिनींनो, आता आपल्या पडेगावाकडे वळू या. शहरातून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आता गाव राहिले नाही आणि पुरते शहरही झाले नाही. जुनी घरे आहेत, नव्या वसाहती आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे आहेत, छावणी जवळ असल्याने परप्रांतांतली माणसे येथे अनोळखी नाहीत. एका गल्लीत मराठी, दखनी, हिंदी अशा भाषा कानांवर पडतात. मुले एका शाळेत जातात. पण त्यांच्या आया एकमेकींना ओळखत नाहीत. कितीतरी आया शाळेच्या फाटकाशी मूल सोडून तेथूनच परत फिरतात. आपले शिक्षण थोडे, मास्तरांशी काय बोलावे, असा त्यांना संकोच असतो. मुलाच्या हातात मोबाईल असतो आणि आजीच्या गोष्टीची जागा त्याने घेतली आहे, अशी तक्रार आपण सगळ्याच करतो. पण आजीला गोष्ट सांगण्यास कोणी बोलाविले होते का, हे आपण विचारीत नाही.

गुरुजींच्या चरित्रातून या अडचणीवर उपाय निघतो, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या संमतीने आठवड्यातून एक दिवस अर्धा तास गोष्टीचा ठेवावा आणि दर वेळी एका आईने किंवा आजीने गोष्ट सांगावी. तिला वाचता येण्याची अट नको. वाघाची असो, चिऊ-काऊची असो, श्रावणातल्या एखाद्या कहाणीतली असो किंवा तिच्या माहेरच्या दुष्काळाची असो. सांगताना हात हलवावेत, आवाज बदलावा, मधूनच थांबून पुढे काय झाले असेल ते मुलांनाच विचारावे. एखादे पालुपद असेल, तर ते सगळ्या मुलांनी मिळून म्हणावे. दोन मुलांना उभे करून एकाला वाघ आणि एकाला शेळी करावे. शेवटी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये; मूल ते घरी जाता जाता स्वतः काढते. परभाषेतल्या एखाद्या शेजारणीने तिच्या मुलखातली गोष्ट तिच्याच बोलीत सांगावी आणि दुसरीने ती मराठीत समजावावी. आंतरभारतीची सुरुवात एवढ्यानेही होईल. मोठ्या मुलांना गुरुजींच्या 'छात्रालया'सारखे हाताने लिहिलेले भिंतीवरचे पत्र काढू द्यावे, आणि त्यात आयांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांनी लिहून काढाव्यात. ज्या आईला लिहिता येत नाही, तिची गोष्ट तिच्या मुलाच्या अक्षरात भिंतीवर लागली, म्हणजे त्या मायलेकरांना काय वाटेल, याची कल्पना करावी. ती आई पुढच्या वेळी फाटकाशी थांबणार नाही.

यशोदाबाई सान्यांनी कधी व्यासपीठ पाहिले नाही. आपल्या मुलाला चार गोष्टी समजावताना त्या पुढे लाखो मुलांपर्यंत पोहोचतील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांनी फक्त एवढे केले, की चूलपाण्याच्या घाईतही मुलाला जवळ घेऊन समजावण्यास वेळ काढला. आपल्या मंडळातल्या प्रत्येक भगिनीला तेवढे करता येण्यासारखे आहे. येत्या २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती येते. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंजी घालून पहिली गोष्ट व्हावी, आणि ती मंडळातल्या सर्वांत वयोवृद्ध आजीने सांगावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करते.